मामीला सांगायचं नाही

ऋतुजाला पित्त आहे असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे अगदी सगळे. तिची आई बजाबाई म्हणायची, शेजारच्या बायका म्हणायच्या, ती ज्या बालवाडीत शिकवायची तिथल्या मोठ्या बाई म्हणायच्या, आणि ज्यानं हा शब्द उच्चारायलाच नको होता तो तिचा नवरा अमृतही म्हणायचा. अमृत सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होता. लोकांचं रक्त घेणं, तपासणं, त्यातला प्लाझ्मा वेगळा काढून गोठवून ठेवणं, हे तो चौदा वर्षं करत होता. अशा माणसानं बायकोचा हात सुजला की आमसुलाचं पाणी चोळ म्हणावं, याला काय म्हणायचं? पण आपल्याकडे हा एक शब्द सापडला की पुढं विचार करायची गरजच उरत नाही. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. अंगावर गांध्या उठल्या, पित्त. माणूस चिडला तरी त्याचं पित्तच खवळलेलं असतं.

ऋतुजाचं पित्त महिन्या-दीड महिन्यानं यायचं. कधी उजवा हात असा सुजायचा की बांगड्या फोडाव्या लागायच्या. कधी एक डोळा मिटून जायचा. कधी बाहेर काहीच दिसायचं नाही, पण पोटात अशी कळ यायची की ती दिवसभर ओकत पडायची. अशाच एका दुखण्यात तिचं अपेंडिक्स काढलं आणि ते ठणठणीत निघालं. दोन-तीन दिवसांनी सूज आपसूक उतरायची, आणि उतरली की सगळं श्रेय बजाबाईच्या उपायाला मिळायचं. उपाय ठरलेला. आमसूल भिजवून ते पाणी अंगाला चोळायचं, वरून घोंगडी पांघरायची, वारा लागू द्यायचा नाही आणि गुमान झोपायचं.

बजाबाई ही अमृतची सासू, पण त्याआधी मामी. उजनीच्या बॅकवॉटरकाठी तिचं गाव. अमृतच्या आईचा सख्खा भाऊ कोंडीबा, त्याची ही बायको, आणि ऋतुजा त्यांची एकुलती एक लेक. मामाची पोरगी म्हणून ती अमृतला देण्यात कुणाला काही विचारावं लागलं नाही. कोंडीबामामालाही हेच पित्त होतं. चाळिशीतच तो गेला. तालुक्याच्या गावी जाऊन दाढ काढून आला, दुसऱ्या दिवशी त्याचा गाल सुजला, मग गळा. पित्त गळ्याला चढलं म्हणून बजाबाईनं त्याला घोंगडीत गुंडाळून झोपवलं, आणि दिवेलागणीच्या आत तो संपला. ऋतुजा तेव्हा अकरा वर्षांची होती.

गेल्या दिवाळीनंतर ऋतुजाचं पोट फारच दुखायला लागलं, म्हणून अमृत तिला घेऊन एका दवाखान्यात गेला. तिथं निवेदिता नावाच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या. रक्तपेढीमुळं त्यांची नि त्याची तोंडओळख होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कितव्या वर्षापासून, घरात आणखी कुणाला, आणि मग अगदी साधा एक प्रश्न विचारला.

"सूज येते तेव्हा खाज सुटते का?"

"नाही," ऋतुजा म्हणाली.

"कधीच?"

"कधीच नाही."

अमृत शेजारी बसला होता, तो जागच्या जागी ओशाळला. पित्ताच्या गांध्यांना खाज असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस भिंतीला पाठ घासतो. बारा वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला कधी खाजवताना पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्या ध्यानातही आली नव्हती.

आठवड्यानं तपासण्या आल्या. बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. रक्तात काही प्रथिनं असतात, त्यांना पूरक प्रथिनं म्हणतात, कॉम्प्लिमेंट. ती रक्तात फिरत पहारा देत असतात. जंतू आत आला की पहिलं जागं होतं, ते दुसऱ्याला तोडून कामाला लावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटची मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात. ती नसतील तर साध्या सर्दीतापात माणूस जाईल. पण एवढी तापट मंडळी मोकाट सोडून चालत नाही, म्हणून त्यांना आवरणारंही एक प्रथिन शरीर तयार करतं. सी-वन इनहिबिटर त्याचं नाव. ऋतुजाच्या अंगात ते फार कमी तयार होत होतं. त्यामुळं कधी मार लागला म्हणून, कधी काळजी केली म्हणून, कधी कशानंच नाही, पण रक्तवाहिन्या ढिल्या पडायच्या आणि पाणी मांसात पाझरायचं. या सगळ्या ओढाताणीत सी-फोर नावाचं प्रथिन खर्च होऊन जातं, तेही तिच्या रक्तात नावाला उरलं होतं. आजार वडिलांकडून आलेला, आणि मुलांत जायची शक्यता निम्मीनिम्मी.

अमृतला हे सगळं पाठ होतं. डिप्लोमाच्या परीक्षेला सी-वन ते सी-नाईन असा पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि त्याला चार मिळाले होते. चार मार्क घेऊन तो घरी आमसूल भिजवत होता.

"यावर एक इंजेक्शन असतं," बाई म्हणाल्या, "पण ते इथं कुणी ठेवत नाही, बाहेरून मागवावं लागेल. आपण मागवू. तोवर अडचण आलीच तर प्लाझ्मा द्यायचा. जे प्रथिन यांच्यात कमी आहे, ते त्यात असतं. तुमच्याच पेढीत आहे की."

चौदा वर्षं त्या पिवळट पिशव्या अमृतनं शेकड्यांनी फ्रीजरमधून काढल्या होत्या, दुसऱ्यांच्या बायकांसाठी.

"हात सुजला तर घरी थांबलात तरी चालेल," बाई पुढं म्हणाल्या. "पण ओठ, जीभ, आवाज, यात जरा जरी बदल वाटला तर एक मिनिट घालवायचं नाही. ॲलर्जीच्या औषधांनी हे उतरत नाही. लोक त्यातच वेळ घालवतात."

ऋतुजानं खाली बघत विचारलं, "दाढ काढल्यावर असं होतं का?"

"होतं. म्हणून दात काढायचा असेल तर आधी प्लाझ्मा घ्यायचा, मग दात. विसरू नका."

दवाखान्याबाहेर मोटारसायकलपाशी आल्यावर अमृतनं वातावरण जरा हलकं करायचा प्रयत्न केला. बॅकवॉटरवरची मोटर चालू होते पण बंद करायचं बटणच बिघडलंय, रानभर पाणी, असं काहीतरी तो म्हणाला. ऋतुजा हसली. म्हणाली, "म्हणजे माझा स्टार्टर गेलाय." मग हसू ओसरलं आणि तिनं त्याचा दंड धरला.

"अहो, आईला यातलं काही सांगायचं नाही."

"का?"

"दाढ काढली, घोंगडी घातली, झोपवलं. तिला कळलं तर ती म्हणेल मीच मारलं त्यांना. एवढ्या वर्षांनी कशाला?"

अमृतला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा बरं वाटलं, कारण सांगायची वेळ आली असती तर ते त्यालाच सांगावं लागलं असतं. मामीसमोर बसून मामाचं मरण पुन्हा उकरून काढायचं त्याच्यानं झालं नसतं. म्हणून त्यानं फोनवर मामीला एवढंच सांगितलं की पित्तच हाय, जरा निराळ्या जातीचं हाय, गोळ्या दिल्यात. "मी म्हटलंच हुतं की," मामी म्हणाली आणि खूश झाली. घरात शब्द तोच राहिला. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीची, आरोहीची, तपासणीही करायची होती, पण दर महिन्याला पुढच्या महिन्यात करू असं म्हणत ती राहिली. अमृतनं रोज पन्नास जणांच्या दंडात सुई घातली असेल, पण या एका दंडापाशी त्याचा हात जात नव्हता.

मे महिन्यात मामी चार दिवस राहायला आली. आरोही अक्कलकोटला अमृतच्या बहिणीकडं सुट्टीला गेली होती. ऋतुजाची अक्कलदाढ ठणकायला लागली होती, आणि या वेळी सगळं रीतसर ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी भरती व्हायचं, प्लाझ्मा घ्यायचा, मग दाढ काढायची. अमृतनं तिच्या गटाच्या, बी पॉझिटिव्हच्या, चार पिशव्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मागवलेलं इंजेक्शनही आठवड्याभरात येणार होतं. माणसानं जेवढं करायचं तेवढं केलं होतं. फक्त बुधवार मध्ये यायचा होता.

बुधवारी सकाळी अमृत साडेआठला घरातून निघाला तेव्हा ऋतुजा चहा पीत होती आणि दाढेला लवंग लावत होती. पेढीत त्या दिवशी तो एकटाच तंत्रज्ञ. त्याचा जोडीदार सिद्धाराम गाडी घेऊन रक्तदान शिबिराला गेलेला. दुपारी पाऊण वाजता मामीचा फोन आला. मामीच्या फोनची एक रीत होती. घरात आग लागली तरी ती आधी जेवणाची चौकशी करायची.

"अमृत, जेवलास का रं?"

"न्हाय अजून. काय झालं मामी?"

"काय न्हाय. ऊन लई हाय म्हणलं, डोक्याला टापर बांधून ये. ऋतुजा म्हनली फोन लाव, म्हणून लावला. जरा पित्त उठलंय तिला."

"कुटं?"

"ओठाला. दाढ दुखतीया न्हवं, त्येच्यानं आसंल. तू ग्यालास आन् थोड्या येळानं आलं. मी आमसूल चोळलं, घोंगडी घातलीया. ती म्हनत हुती तुला सांगू म्हणून, म्या म्हनलं कामावर हाय, कशाला जिवाला घोर. आता पडलीया गप."

अमृतनं घड्याळ बघितलं. तो घरातून निघाल्याला चार तास होऊन गेले होते. आईला खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून ऋतुजानंही हट्ट धरला नसणार.

"तिला फोन द्या."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग ऋतुजा बोलली, आणि तो आवाज तिचा नव्हता. तोंडात गरम बटाटा धरून माणूस बोलतो तसा जाड, घोगरा.

"अहो... गिळता येईना."

"बोलू नकोस. उठून बस. पडायचं नाही, बसून राहा. मी गाडी पाठवतो."

जुळे सोलापुरात त्यांच्या खालच्या मजल्यावर नंदीश नावाचा रिक्षावाला राहायचा. तो जेवायला घरी आला होता हे नशीब. त्याला सांगितलं. निवेदिता बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या मी खाली येऊन थांबते, तुम्ही पिशव्या आणा. आणि अमृत फ्रीजरकडं धावला.

आता इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गोठवलेला प्लाझ्मा म्हणजे दगड असतो. तो दगडच राहिला तर त्याचा माणसाला काही उपयोग नाही. तो सदतीस अंशाच्या पाण्यात ठेवून वितळवायचा असतो, आणि त्याला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. घाई करून पाणी कढत केलं तर प्लाझ्मा लवकर वितळतो खरा, पण आतली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी शिजून जातात. जे द्यायचं तेच मरतं. अमृतनं ही गोष्ट आजवर शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितली होती. खिडकीशी येऊन लोक ओरडायचे, शिव्या द्यायचे, एकानं तर त्याची कॉलर धरली होती. तो शांतपणे सांगायचा, साहेब, पाण्याचं तापमान माझ्या हातात आहे, वेळ नाही.

चारही पिशव्या त्यानं प्लास्टिकच्या आवरणात घालून पाण्यात सोडल्या. बारा अठ्ठावन्न. सदतीस अंश. काउंटरवरच्या मुलीला त्यानं सांगितलं की कुणी आलं तर थांबायला सांग, आणि तो पाण्यापाशी उभा राहिला.

दवाखाना तिथून मोटारसायकलनं पाच मिनिटांवर. तो आत्ता निघाला असता तर ऋतुजा पोचायच्या आधी दारात उभा असता. तिचा हात धरता आला असता. पण मग पिशव्या कोण आणणार? काउंटरवरच्या मुलीला त्यातलं काही कळत नव्हतं. सिद्धाराम चाळीस किलोमीटरवर. बायको एका टोकाला गुदमरते आहे आणि आपण दुसऱ्या टोकाला पाण्यात पिशव्या हलवत उभे आहोत, असा पेच आजवर कुणाच्या वाट्याला आला असेल का, असं त्याच्या मनात आलं. आलं आणि गेलं. त्यानं एक पिशवी हलक्या हातानं दाबून पाहिली. दगड.

एक वाजून सहा मिनिटांनी नंदीशचा फोन आला. "दादा, आसरा पुलावर अडकलोय. कडब्याचा ट्रॅक्टर बंद पडलाय मधेच. सोडवतोय मी, काढतो बाजूनं." मागं मामीचा आवाज येत होता, ती देवाचं नाव घेत होती. ऋतुजाचा श्वास ऐकू येत होता. श्वास आत जाताना शीळ वाजावी तसा वाजत होता. अमृतला त्या आवाजाचं शास्त्रीय नाव माहीत होतं, आणि नाव माहीत असल्याचा त्याला या क्षणी काडीचा उपयोग नव्हता.

कोपऱ्यात चहासाठी विजेची किटली होती. त्याची नजर दोनदा तिच्याकडं गेली. बटण दाबलं की तीन मिनिटांत पाणी उकळतं. एक पिशवी, फक्त एक, थोड्या गरम पाण्यात धरली तर? पन्नास अंश नको, पंचेचाळीस? कुणी बघणार नव्हतं. पण त्या पिशवीत मग काय उरेल हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो किटलीपाशी गेला, तिच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसाच परत आला. मग त्याला रडू फुटलं. तोंडानं मिनिटं मोजत तो रडत होता आणि पिशव्या हलवत होता, आणि काउंटरवरची मुलगी दारातून बघत होती.

एक वाजून बारा मिनिटांनी निवेदिता बाईंचा फोन.

"आल्यात त्या. नळी घालायचा प्रयत्न चाललाय, पण सूज फार आहे, आतलं काही दिसत नाही. कान-नाक-घशाच्या सर्जनना बोलावलंय, निघालेत. तुम्हाला किती वेळ?"

"बारा-तेरा मिनिटं."

"अमृत, लवकर."

"मॅडम, लवकर होत नाही."

बाईंनाही ते ठाऊक होतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एक चोवीसला पहिल्या तीन पिशव्या पूर्ण वितळल्या. चौथीत लिंबाएवढा खडा राहिला होता, तिला त्यानं पाण्यातच सोडलं. तिन्ही पिशव्या पुसल्या, फुटलेल्या तर नाहीत ना बघितलं, गट बघितला, नाव बघितलं. नाव बघायचा नियमच असतो. ऋतुजा अमृत, वय तेहतीस. पेढी उघडी टाकून तो निघाला. टापर बांधायचं राहिलं. पिशव्या त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरल्या होत्या.

दवाखान्याच्या जिन्याशी मामी बसली होती. तिच्या हाताला आमसुलाचा तांबूस रंग तसाच होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो धावत वर गेला. निवेदिता बाई दारातून बाहेर येत होत्या. त्यांच्या हातमोज्यांना रक्त होतं.

"झाल्यात मॅडम," तो म्हणाला आणि पिशव्या पुढं केल्या.

बाईंनी त्या घेतल्या. नको म्हणाल्या नाहीत. दोन्ही हातांत त्या पिशव्या धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग अमृतला कळलं.

सर्जन आले तेव्हा हृदय थांबलं होतं. गळ्याला छेद देऊन वाट केली, छाती दाबत राहिले, पण बराच वेळ मेंदूला हवाच नव्हती. हे सगळं बाईंनी हळूहळू सांगितलं. अमृतनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "मी दहा मिनिटं आधी आलो असतो तर?"

"दहा मिनिटांनी काही झालं नसतं. प्लाझ्मा लागू पडायलाही वेळ लागतो," त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी पुढचं वाक्यही बोलून टाकलं. "सकाळी ओठ सुजला तेव्हाच आल्या असत्या तर हातात चार तास होते." बोलल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि अमृतला त्याबद्दल त्यांचा राग आला नाही.

अंत्यविधी मामीच्या गावी झाला. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर माणसं पांगली. दुपारची वेळ होती. मागच्या अंगणात लिंबाखाली आरोही भावकीतल्या पोरांबरोबर खेळत होती. आई गेली हे तिला सांगितलं होतं आणि ती खूप रडलीही होती, पण आठ वर्षांचं पोर सारखं रडू शकत नाही. पडवीत भिंतीला टेकून मामी बसली होती. अमृत तिच्या शेजारी येऊन बसला. बॅकवॉटरवरून कुणाच्या तरी मोटरीचा आवाज येत होता.

"अमृत," मामी म्हणाली, "मी झोपवून ठेवली म्हणून ग्येली का रं ती?"

"न्हाय मामी," तो लगेच म्हणाला. "तुमचा काय संबंध न्हाय. व्हायचं हुतं ते झालं."

मामीनं मान हलवली. तिला बरं वाटलं असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझा मामा ग्येला तवा तुझी आय बी मला हेच म्हनली हुती," ती म्हणाली. "हितंच बसून. वैनी, तुझा काय संबंध न्हाय म्हनली. माझ्या मनात तवाच आलं हुतं, कायतरी चुकलं आपलं. पर ती म्हनली न्हाय, डाक्टर बी म्हनला न्हाय, मग म्या बी मानलं. मानलं म्हणून तर पोरीला बी तेच केलं."

अंगणात आरोही काहीतरी ओरडली आणि पळत सुटली.

"आरोहीला बी हाय का त्ये?"

"ठाऊक न्हाय. रक्त बघायचंय. आसू शकतं."

"मग मला खरं काय ते सांग की, बाबा. मला बरं वाटायचं न्हाय आता कशानं."

त्यानं सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं. पित्त नव्हतंच ते, मामाचंही नव्हतं. रक्तात आवरणारं जे असतं ते या घरात कमी आहे. आमसुलानं, घोंगडीनं ना ते वाढतं ना कमी होतं, नुसता वेळ जातो. सकाळी फोन आला असता तर ऋतुजा वाचली असती. मामाचं त्या काळात काय झालं असतं सांगता येत नाही, पण झोपवायला नको होतं. एकेक वाक्य तो बोलत होता आणि प्रत्येक वाक्याला वाटत होतं की इथं थांबावं, म्हातारीवर दया करावी. तो थांबला नाही.

"हे तुमाला ठाऊक न्हवतं मामी," शेवटी तो म्हणाला. "आमाला ठाऊक हुतं. तुमाला वाईट वाटंल म्हणून आमी दोघांनी सांगितलं न्हाय."

मामी रडली नाही. तिनं पदर सोडला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि अंगणाकडं बघत म्हणाली, "आता त्या पोरीचा ओठ सुजला तर म्या काय करायचं, ते सांग. सावकाश सांग, म्हंजी ध्यानात ऱ्हाईल."

त्यानं सावकाश सांगितलं. हात सुजला तर फोन. पोट दुखलं तर फोन. ओठ, जीभ, आवाज, तर फोनसुद्धा नाही, आधी गाडीत घालायचं आणि वाटेत फोन. झोपवायचं नाही, बसवायचं. काही चोळायचं नाही. डॉक्टरनं पित्त म्हटलं तर त्याला काय म्हणायचं, तेही सांगितलं. मामीनं सगळं परत म्हणून दाखवलं. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदाही मधेच अडकली आणि त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि ती ओठ हलवत त्याच्यामागून म्हणत गेली.